दामूचा खड्डा

आमच्या शहापुरात कच्च्या कामाला 'दामूचा खड्डा' म्हणतात. नव्या भिंतीला वर्षाच्या आत पोक आलं की गवंड्याला विचारतात, "काय रे, दामूचा खड्डा काढलास काय?" पाढा अर्धवट पाठ केलेल्या मुलाला मास्तरही तेच म्हणतात. म्हणणाऱ्यांतल्या निम्म्यांना दामू कोण ते माहीत नाही आणि खड्डा कसला ते तर मुळीच नाही. मला दोन्ही माहीत आहे. वीस वर्षं मी हे ऐकत आले आणि एकदाही कुणाला थांबवलं नाही.

या उन्हाळ्यात आमच्या घरी खांबावरची वीज आली. बसवायला आलेला वायरमन कल्याणचा तरुण पोरगा. परसातल्या जुन्या तारेच्या मागोमाग तो खणत गेला. सकाळी लागला तो दुपारी छातीपर्यंत जमिनीत उभा होता. तळाशी ताटाएवढा तांब्याचा पत्रा, त्यावर कोळसा आणि मीठ, पुन्हा कोळसा आणि मीठ, एकावर एक बसवलेले थर. तो घाम पुसत वर आला.

"काकू, हे कोणी केलंय? असं काम आता बघायला मिळत नाय. मी नवीन नाय करणार, यालाच जोडतो."

शेजारच्या दोघीतिघी बघत उभ्या होत्या. मी म्हणाले, "दामूमिस्त्रीनं."

त्या हसल्या. त्यांना वाटलं, मी गंमत करते आहे.

दामूमिस्त्री जाऊन तीन वर्षं झाली. हे त्याच्यापर्यंत पोचणार नाही. पण गावापर्यंत तरी पोचावं म्हणून लिहायला बसले आहे.

तो मूळचा मुरबाडकडच्या एका खेड्यातला, भातशेती करणाऱ्या घरातला. रेल्वेची विजेची तार कसाऱ्याकडे ओढली जात होती तेव्हा खलाशी म्हणून, म्हणजे खांब-तारा ओढणारा मजूर म्हणून, लागला. आटगावच्या पुढचे खांब आपल्या खांद्यावरून गेलेत, असं तो सांगे. किती खांब, ते दर वेळी वाढत जात. पुढे मामंजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, आपल्या भाताच्या गिरणीच्या इंजिनाला डायनामो जोडला. दिवसा इंजिन चालेल तेव्हा आणि दिवेलागणीनंतर दोन तास आमच्या घरी आणि बाजारपेठेतल्या पाचसात घरी वीज द्यायची, असं ठरलं. त्या कामाला त्यांनी दामूला आणलं. मी त्याच वर्षी मुरबाडहून लग्न होऊन शहापुरात आले. एकाच वर्षी आम्ही दोघं या घरात आलो, मी पुढच्या दारानं आणि तो मागच्या.

उंच, जरा पुढे वाकलेला, अंगात बंडी, खाकी अर्धी चड्डी आणि पायात खडावा. लाकडातून वीज जात नाही म्हणून खडावा. पण अर्ध्या चड्डीखाली खडावा घालून खटखट करत जाणारा माणूस गावानं पाहिला नव्हता. पोरं "बुवा आले, बुवा आले" करून मागे लागायची. तोही एक हात वर करून आशीर्वाद द्यायचा.

घरात आल्यावर त्याला आधी पाट लागे. बटणांच्या फळीला हात लावायचा तर खडावाही काढून ठेवी आणि कोरड्या पाटावर उभा राही. सासूबाई म्हणत, "मेला जेवायला आल्यासारखा पाट मागतो. भोवती रांगोळी घालू काय?"

"घाला ना आक्का. पण सुकी घाला. वली नको."

दुसरी सवय उपड्या हाताची. कुठल्याही वस्तूला तो आधी बोटांची मागची बाजू लावी आणि मगच तळहात. पंख्याला तसा, इस्त्रीला तसा, आणि सवयीनं चहाच्या कपालाही तसाच. गिरणीच्या मांजरीलासुद्धा. सासूबाईंनी एकदा विचारलं, "बायकोलाही उपडाच हात लावतोस काय रे?"

"तिला तर आदी फ्यूज काढून, आक्का."

सासूबाई पदरात तोंड लपवून हसल्या. मी नवी सून, मला हसायची परवानगी नव्हती. मी आत जाऊन हसले.

या सवयीमागची गोष्ट त्यानं एकदाच सांगितली. घाटात त्याच्याबरोबर काशा नावाचा गावचाच गडी होता. वाऱ्यानं पडलेली तार एका पिंपाला टेकली होती. काशा पाणी प्यायला गेला आणि पिंपाचा काठ धरला.

"तळहातानं धरलान, वयनीबाय. वीज अंगात आली का मूठ वळते. मानूस सोडायला बघतो आणि मूठ आणखीन आवळते. उपडा हात लावला असता तर झटक्यानं मागं आला असता." मग त्यानं आपला तळहात मांडीवर उपडा ठेवला. "तवापासून मी कशालाच आदी तळहात दाखवत नाय."

विजेबद्दल त्याचं एक बोलणं मला पाठ आहे, कारण ते माझ्या मनातलं होतं. "वीज म्हंजे म्हायेराला निघालेली पोर. जमीन तिचं म्हायेर. तिला सरळ वाट द्या, ती कुणाच्या वाटेला जायची नाय. वाट अडवलीत तर मग जो समोर येईल त्याच्या अंगावरनं जाईल."

ती वाट म्हणजे तो खड्डा. पंख्याच्या किंवा इस्त्रीच्या लोखंडाला एक वेगळी तार जोडायची, ती परसात नेऊन खोल पुरलेल्या तांब्याच्या पत्र्याला बांधायची. आतली तार कुठे उघडी पडून लोखंडाला टेकली, तर वीज त्या वाटेनं जमिनीत उतरते, फ्यूज उडतो आणि माणूस वाचतो. पण आमच्याकडची जमीन मुरमाची. उन्हाळ्यात खडखडीत वाळते आणि वाळलेली जमीन वीज घेत नाही. म्हणून पत्र्यापर्यंत एक नळी, नळीच्या तोंडाशी नरसाळं, आणि त्यात रोज एक कळशी पाणी.

त्याचा नियम होता, "खड्डा आदी, दिवा मागनं." आणि पहिली कुदळ घरधन्यानं मारायची. बाजारपेठेत एक निवृत्त अव्वल कारकून राहत. सगळे त्यांना रावसाहेब म्हणत. त्यांनी मुंबईहून विजेवर पाणी तापवायची किटली आणली होती.

"मी खणू? अरे, गडी आहेत की घरात."

"गडी हाईत. पण गडी उद्या दुसरीकडं जातील. ज्यानं खड्डा खणला त्यो इसरत नाय, खड्डा कुठं हाय त्यो."

रावसाहेबांनी खड्डा टाळला आणि किटली लावायला गेले. दामूमिस्त्रीनं त्यांच्या घरचा फ्यूज काढला, खिशात घातला आणि खटखट करत निघून गेला. आठ दिवस किटली फळीवर. रावसाहेब मामंजींकडे तक्रार घेऊन आले. मामंजी म्हणाले, "वीज माझी, पण फ्यूज त्याच्या खिशात. मी काय करू?" शेवटी रावसाहेब कोट-टोपी घालून परसात उतरले. अर्धा बाजार कुंपणाशी जमला. कुणीतरी ओरडलं, "रावसाहेब, धन सापडलं तर सरकारात जमा करा हां!" मिस्त्री काठावर उकिडवा बसून म्हणत होता, "आणखीन वीतभर. छातीला लागला का सांगा."

आमच्या परसात मामंजी आणि माझे यजमान दोघांनी मिळून खणलं. गुरांचा पाय पडू नये म्हणून मिस्त्रीनं नरसाळ्याभोवती चार दगड लावले आणि सगळ्यांना ताकीद दिली, इथे उगाच कुणी हात लावायचा नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी बघते तर दगडांवर हळदकुंकू आणि जास्वंदीचं फूल. सासूबाई म्हणाल्या, "जमिनीतून निघतो, रोज पाणी मागतो, कुणाची शिवाशीव चालत नाही आणि घराची राखण करतो. देव नाही तर कोण मग?"

मिस्त्रीनं मान खाजवली. "ऱ्हाऊ दे. देव म्हणून का व्हईना, पाणी तर भेटंल."

नंतर विहिरीपाशी तो मला म्हणाला, "वयनीबाय, तुमी सातवी झालेल्या, म्हणून तुमालाच सांगतो. आक्कांचा देव आक्कांना ऱ्हाऊ दे. पण देवाला उपास चालतो, ह्याला नाय चालत. उन्हाळ्यात एक दिस बी नाय. ही जोखीम तुमची."

त्या घरात मला दिलेली ती पहिली जोखीम. बाकी सगळी कामं होती.

महिन्यातून एकदा तो तपासायला येई. सुतळीला चिंधी बांधून नळीत सोडी, वर काढी आणि ओली आली की मान डोलावी. निघताना "येतो" म्हणत नसे. "पाणी घालता ना?" म्हणे. मी म्हणे, "रोज." तीन वर्षं हा आमचा निरोप होता, आणि तीन वर्षं तो खरा होता.

चौथ्या वर्षी वैशाखात माझ्या धाकट्या भावाचं मुरबाडला लग्न निघालं. मी दीड वर्ष माहेरी गेले नव्हते. हिरव्या काठाचं लुगडं पेटीतून काढून उन्हात घातलं होतं. निघायच्या दोन दिवस आधी किन्हवलीहून माणूस आला. मामंजींचे कुणी लांबचे चुलते वारले होते. घरात त्यांना कुणी धड पाहिलेलंही नव्हतं. पण दहा दिवसांचं सुतक लागलं आणि माझं जाणं राहिलं. मी लुगडं घडी करून पुन्हा पेटीत ठेवलं. त्या काळी आम्ही बोलत नसू.

त्याच संध्याकाळी कळशी घेऊन परसात गेले, तर मागून सासूबाई आल्या. "अगो थांब. सुतकात देवाला पाणी घालतात काय? की याला चालतं? मिस्त्री काय बोलला होता तुला?"

मिस्त्री घर शाकारायला गावी गेला होता. उत्तर त्या घरात फक्त मला ठाऊक होतं. मी कळशी खाली ठेवली आणि म्हणाले, "देवाला नाही चालत, सासूबाई. आपण देव्हाऱ्यातही पूजा केली नाही ना."

वाईट व्हावं असं मनात नव्हतं. पण त्या घरानं माझं माहेर अडवलं होतं, मी त्यांचं एक कळशी पाणी अडवलं. दुसऱ्या दिवशी तसंच. लग्न लागायच्या दिवशी मुहूर्ताच्या वेळेला मी त्या दगडांशी बसून रडले. समोर नरसाळं कोरडं होतं, बाजूला विहीर होती. तरी घातलं नाही.

अकराव्या दिवशी सुतक फिटलं. घर सारवलं. त्या दिवशी मात्र कामाच्या रगाड्यात मी पाणी घालायचं खरंच विसरले. आधीचे दहा दिवस विसरले नव्हते.

मामंजींना दुपारी आसनगावला गाडी धरायची होती. त्यांच्या कोटाला इस्त्री करायला कमळी बसली. कमळी माझी नणंद, सोळा वर्षांची, घरात सगळ्यांच्या नकला करणारी. नुकतीच न्हालेली, केस ओले, पाय ओल्या सारवणावर. गिरणीचं इंजिन चालू होतं. मी स्वयंपाकघरात होते. कमळीनं कसलासा आवाज काढला. ती ओरडली नाही, घशात घास अडकावा तसा आवाज. मी बाहेर आले तर तिचा हात इस्त्रीच्या मुठीखालच्या लोखंडी पट्टीला चिकटला होता आणि डोळे माझ्याकडे लागले होते. सासूबाई तिला ओढायला धावल्या. मी त्यांना ढकललं, भिंतीशी टेकवलेला मिस्त्रीचा पाट उचलला आणि इस्त्रीच्या दोरीवर मारला. दुसऱ्या फटक्याला दोरी भिंतीतून निघाली. चिकटलेल्या माणसाला हात लावायचा नाही, लाकडानं तोडायचं, हे त्यानंच शिकवलं होतं.

कमळी वाचली. उजव्या हाताची दोन बोटं भाजून आत वळली. आणि सगळं गाव मला बघायला आलं. "काय धीराची सून!" सासूबाईंनी माझी दृष्ट काढली.

मिस्त्रीला निरोप गेला. दुसऱ्या दिवशी तो आला तेव्हा केसांत पेंढ्याची काडी अडकलेली होती. मामंजी ओटीवरच उभे. "तीन वर्षं आम्हांला पाणी ओतायला लावलंस. कुठे गेली तुझी ती वाट?"

त्यानं इस्त्री पाहिली. दोरी मुठीपाशी झिजून आतली तार लोखंडाला टेकली होती. त्यानं इस्त्री खाली ठेवली. सरळ परसात गेला. मागोमाग सगळे. दगडांशी बसून त्यानं माझ्याकडे पाहिलं.

"वयनीबाय, पाणी घालता ना?"

सासूबाई माझ्या शेजारी होत्या. कमळीच्या कण्हण्याचा आवाज खिडकीतून येत होता.

"रोज," मी म्हणाले.

सासूबाई काही बोलायला गेल्या, "सुतकात तेवढं..." पण मामंजींनी त्यांना गप्प केलं. मिस्त्रीनं सुतळी नळीत सोडली. वर काढली. आम्ही सगळे त्याच्या पाठीमागे होतो, चिंधी फक्त त्याला दिसली आणि त्याच्या खांद्यावरून मला. ती पापडासारखी कोरडी होती. त्यानं ती मुठीत घेतली. ज्या खिशात त्यानं रावसाहेबांचा फ्यूज घातला होता, त्याच खिशात ती गेली.

"माजीच चूक, शेट," तो उठून म्हणाला. "खड्डा उथळ झाला. कोळसा बी कमी पडला."

ज्यांनी स्वतः छातीपर्यंत खणलं होतं ते मामंजी रागाच्या भरात तेही विसरले. "चालता हो," म्हणाले. तो चालता झाला नाही. आधी विहिरीवर गेला, एकामागून एक तीन कळश्या आणल्या आणि नरसाळ्यात ओतल्या. इस्त्रीची झिजलेली दोरी कापून बाजूला ठेवली. मग खडावा घातल्या. त्या दिवशी निघताना त्यानं तो प्रश्न विचारला नाही.

'दामूचा खड्डा' हे शब्द पहिल्यांदा रावसाहेबांच्या तोंडून निघाले. महिन्याभरात गावाच्या तोंडी झाले. शहापुरातल्या कुठल्याही घरानं त्याला पुन्हा बोलावलं नाही. मला वाटे, उद्या सांगू. उद्या कमळी उठून बसेल तेव्हा. मग तिचं लग्न ठरेल तेव्हा. मग आजारी पडलेले मामंजी बरे होतील तेव्हा. एकेक कारण संपत गेलं आणि मी गप्पच राहिले. पाणी मात्र घातलं. सुतकात घातलं, बाजूला बसले असताना पहाटे उठून घातलं, बाळंतपणात मोलकरणीकडून घातलं.

त्याला मी एकदाच पुन्हा पाहिलं, दुसरी मोठी लढाई संपल्यानंतर. मुलाला घेऊन मुरबाडला निघाले होते. मोटार किन्हवलीला पाणी भरायला थांबली. बाजाराच्या कडेला वडाखाली एक माणूस पाटावर बसून गॅसबत्त्या दुरुस्त करत होता. किन्हवलीत वीज नव्हती. बाजूला खडावा काढून ठेवलेल्या.

"मिस्त्री," मी म्हणाले.

"वयनीबाय!" तो उठून उभा राहिला. केस पांढरे झाले होते. "कमळीताय कशा हाईत?"

"कल्याणला दिली. दोन मुलगे आहेत."

"हात?"

"बोटं वाकडीच आहेत. भाकरी थापते ती एका बाजूनं जाड होते. नवरा चिडवतो."

तो हसला. मग पुन्हा खाली बसला.

"मिस्त्री, त्या दिवशी मी..."

"वयनीबाय, जरा सरका. सावली पडते, जाळी दिसत नाय."

मी सरकले. त्यानं बत्तीच्या जाळीची दोरी हलक्या हातानं आवळली, बत्ती पेटवून काच बसवली. वर न बघता म्हणाला, "मी आक्कांना तवाच सांगायला पायजे होतं, देव नाय म्हणून. मला वाटलं, पाणी भेटतंय ना, मग कशाला बोला. चुकलंच ते."

त्यानं आपलं सांगून टाकलं होतं. आता माझी पाळी होती. तो हात थांबवून वाट बघत होता असं मला आजही वाटतं. मी मुलाची टोपी नीट करत राहिले.

मग त्यानंच विचारलं, "पाणी घालता ना?"

"रोज," मी म्हणाले.

त्यानं वर पाहिलं.

"घालता," तो म्हणाला.

तेवढ्यात अरुण, माझा चार वर्षांचा मुलगा, बत्तीच्या काचेकडे हात नेऊ लागला. मिस्त्रीनं त्याचं मनगट धरलं, हात उलटा केला आणि बोटांची मागची बाजू काचेजवळ नेली. "असा. आदी असा बघायचा, बाळा." अरुणनं झटक्यानं हात मागे घेतला आणि दोघंही हसले. मोटारीचा भोंगा वाजला.

मोटार हलली तेव्हा मी खिडकीतून पाहिलं. तो दुसरी बत्ती मांडीवर घेऊन बसला होता, उपडा हात तिच्या टाकीला लावून. अरुण माझ्या शेजारी नवा खेळ खेळत होता. त्यानं उपडा हात बाकाला लावला, गजाला लावला, पुढच्या म्हाताऱ्याच्या मुंडाशाला लावला. मग माझ्या गालाला लावला आणि तसाच झटकन मागे घेतला.

"आई," तो म्हणाला, "तू गरम आहेस."